धनंजयराव गाडगीळ : निधीवाटपाला माप लावणारा माणूस

शेतकरी बंधूंनो, जिल्ह्याला निधी कमी आला की आपण चावडीवर बसून पुढाऱ्यांना बोल लावतो. पण पैसा वाटायचा तर देशाचे भाग कसे पाडायचे आणि माप कोणते लावायचे, हे आधी ठरवावे लागते. हे माप बसवण्यात मोठा वाटा एका मराठी माणसाचा आहे.

धनंजयराव गाडगीळांचा जन्म १९०१ सालचा, नाशिकचा. केंब्रिजला शिकून ते परत आले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. नुसत्या अंदाजावर बोलणारा हा माणूस नव्हता. वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च त्यांनी पाहणी करून मांडला. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

१९६७ साली ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोवर राज्यांना केंद्राची मदत बहुतेक योजनेगणिक मिळे. ज्याचा वशिला मोठा त्याचे फावते, अशी तक्रार असायची. गाडगीळांनी चौथ्या योजनेसाठी (१९६९-७४) सूत्र दिले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीरची गरज आधी भागवायची. उरलेल्यातला ६० टक्के वाटा लोकसंख्येवर. बाकी चार गोष्टींना प्रत्येकी १० टक्के: देशाच्या सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न, राज्याने स्वतः केलेली करवसुली, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प, आणि राज्याच्या खास अडचणी. हेच ते गाडगीळ सूत्र. पुढे त्यात बदल झाले, २०१४ नंतर योजना आयोगही राहिला नाही. पण मदत ठरलेल्या मापाने वाटावी, ही रीत त्या सूत्राने घालून दिली.

राज्यापाशी मात्र ते थांबले नाहीत. आता हे बघा. समजा, एका तालुक्यात शंभर एकरांपैकी साठ एकर ओलिताखाली आहे आणि शेजारच्या तालुक्यात दहाच. दोघांची सरासरी पस्तीस. कागदावर जिल्हा बरा दिसतो, पण कोरडवाहूवाला मेला की! म्हणून भाग जितका लहान, तितकी खरी गरज दिसते. १९६९ साली योजना आयोगाने जिल्हा योजना कशा कराव्यात याचे मार्गदर्शन राज्यांना पाठवले. त्याच वर्षी गाडगीळांच्या अभ्यासगटाने कर्जपुरवठ्यासाठीही क्षेत्र धरून काम करण्याची शिफारस केली. त्यातूनच जिल्ह्यागणिक अग्रणी बँक नेमण्याची योजना आली. आज आपण अग्रणी बँकेच्या मेळाव्याला जातो, त्याचे मूळ इथे आहे.

मे १९७१ मध्ये आयोगाचे काम सोडून दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे पीकविम्याचा हिशेब महसूल मंडळ धरून होतो. भाग लहान झाला खरा, पण आकडाच चुकीचा चढला तर लहान भागाचा उपयोग काय? विहीर बुजली तरी कागदावर ओलीत, सोयाबीन पेरले तरी सातबाऱ्यावर जुनेच पीक, असे आपल्याकडे घडते. ग्रामसेवक, तलाठी मित्रहो, ही नोंद शिवारात जाऊन करा. आणि शेतकरी बंधूंनो, २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपल्या पिकाची नोंद आपल्यालाच करता येते. मुदत संपायच्या आत ती करा. सूत्र कितीही चांगले असले तरी त्यात घालायचा आकडा आपल्याच बांधावरून जातो.