जॉन ब्राउनिंग व त्याची छोटी रायफल

जी वस्तु महाग तीच उत्तम, असा पुष्कळ लोकांचा समज असतो. विद्यार्थी भारी किंमतीची लेखणी मागतो, खेळाडू भारी किंमतीची बॅट मागतो, आणि अपयश आलें म्हणजे दोघेही हातांतील साधनासच दोष देतात. हा समज किती पोकळ आहे हें ज्याच्या कामावरून चांगलें कळून येतें, अशा एका अमेरिकन कारागिराची ओळख आम्ही आज आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस करून देणार आहों. त्याचें नांव जॉन मोझेस ब्राउनिंग. लष्करी बंदुकांच्या इतिहासांत तें नांव गाजलेलें आहे. परंतु आम्हांस येथें विशेषेंकरून सांगावयाचें आहे तें त्याच्या छोट्या, स्वस्त व नेमबाजीच्या रायफलींविषयीं.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजीं अमेरिकेंतील यूटा प्रांतांत ऑग्डेन या गांवीं झाला. त्याचा बाप जोनाथन हा बंदुका तयार करणारा व दुरुस्त करणारा कारागीर होता. दुकानांत मोडक्या बंदुका, नळ्यांचे तुकडे व गंजलेले खिळेमोळे यांचा ढीग पडलेला असे. तोच त्या मुलाचा खेळ व तीच त्याची खरी शाळा. असें सांगतात कीं, जॉन सुमारें दहा वर्षांचा असतां त्यानें अडगळींतील एक टाकाऊ नळी उचलली, ती तारेनें एका लांकडास बांधली व धाकटा भाऊ मॅट यास बरोबर घेऊन तो माळावर शिकारीस गेला. त्या बंदुकीस धड घोडाही नव्हता. जळता निखारा लावून ती उडवावी लागे. तरी त्या दोघांनीं तीन रानपक्षी मारून घरीं आणले. बापानें पक्षी पाहिले, मग बंदूक पाहिली, आणि याहून चांगली बंदूक करतां येणार नाहीं काय, एवढाच प्रश्न मुलास केला. हा प्रश्न जॉन जन्मभर विसरला नाहीं असें दिसतें.

सन १८७८ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यानें स्वतःच्या कल्पनेची पहिली रायफल तयार केली. तिचें पेटंट १८७९ सालीं मिळालें; त्याच वर्षीं बाप वारला. भावाभावांनीं मिळून एक लहानसा कारखाना उभारला व त्याच रायफली करून विकूं लागले. ही रायफल एका वेळीं एकच गोळी उडविणारी होती. खालची तरफ ओढली कीं नळीमागचा पोलादी ठोकळा खालीं सरके. नळींत काडतूस घालावें. तरफ मिटली कीं ठोकळा वर येऊन नळीचें तोंड घट्ट बंद करी. भाग थोडे, पण मजबूत. सन १८८३ मध्यें विंचेस्टर कंपनीचा एक अधिकारी बेनेट हा न्यू हेवनहून ऑग्डेनपर्यंत आला, व त्यानें आठ हजार डॉलर देऊन या रायफलीचे हक्क विकत घेतले. पुढें ती १८८५ ची रायफल म्हणून प्रसिद्धीस आली. ती लहानमोठ्या अनेक काडतुसांसाठीं तयार होऊं लागली, आणि निशाणावर नेम धरणाऱ्या लोकांची ती मोठी आवडती झाली.

येथें छोट्या काडतुसाविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य आहे. ज्यास बावीस नंबरचें काडतूस म्हणतात, त्याच्या गोळीची जाडी इंचाच्या शेंकडा बावीस भाग, म्हणजे सुमारें ५.६ मिलिमीटर असते. यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध काडतूस १८८७ सालीं निघालें. त्याची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारें अडीच ग्रॅम वजनाची असते. दारू थोडी, म्हणून आवाज कमी व खांद्यास बसणारा धक्काही कमी. मोठ्या बंदुकीच्या धक्क्यास भिणारा मुलगा चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतो, आणि नेम तेथेंच चुकतो. छोट्या रायफलीनें ही भीति जाते. शिवाय काडतूस स्वस्त, म्हणून ज्याची ऐपत मोठ्या बंदुकीच्या दहा गोळ्यांची, तो हिच्या कितीतरी अधिक गोळ्या झाडून सराव करूं शकतो.

ब्राउनिंगनें याच काडतुसासाठीं अनेक गोळ्या भरतां येणारी एक रायफल योजिली. कंपनीच्या लोकांस ती चालेल असें प्रथम वाटलें नाहीं; तेव्हां त्यानें वाद न घालतां नमुना तयार करून पाठविला, अशी हकीकत आहे. ती १८९० ची रायफल होय. सन १९३२ पर्यंत तिच्या आठ लाखांहून अधिक प्रती खपल्या, व अमेरिकेंतील जत्रांमधून निशाण मारण्याच्या दुकानांत ती सर्वत्र दिसूं लागली. या रायफलींतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बावीस नंबरच्या काडतुसांचे आंखूड-लांब असे प्रकार असतात. परंतु ही प्रत्येक रायफल त्यांतील एकाच प्रकारासाठीं केलेली असे. सर्व काडतुसांस सामावून घेण्याचा लोभ तिनें धरला नाहीं.

याहूनही साधी म्हणजे १९०० ची रायफल. हींत एका वेळीं एकच काडतूस मावे. नळी १८ इंच लांब व एकंदर वजन अवघें पावणेतीन पौंड. मुलांच्या हातीं द्यावयाची म्हणून तींत एक सोय होती. नळीमागचा दांडा लावून घेतल्यानें ती उडण्यास सज्ज होत नसे. त्यासाठीं मागची गुंडी निराळी ओढावी लागे. शेतकऱ्याच्या मुलासही घेतां यावी इतकी ती स्वस्त होती, आणि तिच्याच घडणीवर पुढें अनेक छोट्या रायफली निघाल्या.

मग निवड कशी करावी? ब्राउनिंगच्या कामावरून आम्हांस असें वाटतें कीं, प्रथम नळी पाहावी: ती सरळ, गंजरहित व आंतील आटे स्पष्ट असलेली हवी. चाप हिसका न देतां ओढला गेला पाहिजे. दस्ता हाताच्या लांबीस जुळावा, आणि माशी डोळ्यास स्वच्छ दिसावी. लहान मुलास हलकी रायफल बरी. स्पर्धेंत उतरणाऱ्यास जड नळीची अधिक स्थिर राहते. आरंभीं एकच गोळी उडविणारी घेणें उत्तम, कारण दुसरी गोळी तयार नाहीं हें ज्यास ठाऊक असतें तो पहिलीची काळजी घेतो. नक्षी, चकाकी व मोठें नांव यांसाठीं दिलेला पैसा निशाणापर्यंत पोंचत नाहीं.

सन १९०२ मध्यें मोबदल्याच्या प्रश्नावरून ब्राउनिंगचें विंचेस्टर कंपनीशीं बिनसलें. तो बेल्जममध्यें गेला व तेथील एर्स्ताल गांवच्या कारखान्यांतून त्याच्या कल्पना बाहेर पडूं लागल्या. सन १९१४ मध्यें त्याची आपोआप भरणारी छोटी रायफल तेथेंच निघाली. परंतु त्याच वर्षीं २८ जून रोजीं साराजेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजावर ज्या पिस्तुलांतून गोळ्या सुटल्या, तेंही त्याच्याच रचनेचें व त्याच कारखान्याचें होतें. त्यानंतर महायुद्ध पेटलें. त्याच्या यंत्रबंदुका अमेरिकन सैन्यानें घेतल्या. सरकारनें देऊं केलेली रक्कम नेहमींच्या मोबदल्याहून फार कमी असतांही त्यानें ती घासाघीस न करतां स्वीकारली. त्याचें देशप्रेम खरें होतें. त्याच्या यंत्रांनीं असंख्य मातांचे पुत्र नेले, हेंही तितकेंच खरें आहे. चरित्रकारानें यांतील एक सांगून दुसरें लपवूं नये. म्हणूनच बंदूक हातीं घेणाऱ्यानें ती नेहमीं भरलेलीच आहे असें समजून वागावें, आणि मुलांनीं जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून तिला शिवूं नये.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजीं एर्स्ताल येथील कारखान्यांतच हृदयक्रिया बंद पडून ब्राउनिंग निधन पावला. मरतेवेळीं तो एकाहत्तर वर्षांचा होता, व त्याच्या नांवावर १२८ पेटंटें होतीं.

छोट्या काडतुसाची कीर्ति मात्र त्याच्या मागें वाढतच गेली. सन २०१० मध्यें कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिनें म्युनिक येथें ५० मीटर अंतरावरील रायफल नेमबाजींत जगज्जेतेपद मिळविलें. सन २०२४ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतीलच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभें राहून नेम धरीत पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक पटकाविलें. यांच्या रायफली ब्राउनिंगच्या नव्हेत, व त्या स्वस्तही नसतात. पण काडतूस त्याच बावीस नंबरचें. त्या निशाणावर दहा गुणांचें वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर रुंद असतें, म्हणजे आपल्या बोटाच्या नखाएवढें! तेथपर्यंत गोळी नेणारी वस्तु दुकानांत विकत मिळत नाहीं. ती रोजच्या सरावानें हातांत व श्वासांत मुरावी लागते.

असो. ऑग्डेनच्या त्या मुलापाशीं एक टाकाऊ नळी व थोडी तार एवढेंच साहित्य होतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस आपली साधनें अपुरीं वाटतात, त्यांनीं त्या बापाचा प्रश्न एकदां स्वतःस विचारून पाहावा, आणि मग कामास लागावें.