एक फळा, अनेक गळे

आमच्या खर्ड्याला बाहेरगावचं कुणी आलं की आधी किल्ला विचारतं, मग १७९५ ची मराठे आणि निजामाची लढाई. गाण्याशी या गावाचं नाव कुणी जोडत नाही. तरी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत पेटी वाजते. सात-आठ मुली शिकायला येतात. कुणी प्रारंभिकची तयारी करते, कुणी प्रवेशिकेची. भिंतीवर एक तसबीर आहे. मुलींना सोडायला येणाऱ्या आया हमखास विचारतात, हे कोण हो?

हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. तुमच्या-माझ्या घरातली मुलगी आज चारचौघांत मान वर करून गाते ना, त्यात यांचा मोठा वाटा आहे. पण मला त्यांची खरी ओळख पटली ती माझ्याच एका चुकीमुळे.

झालं असं, की माझ्याकडे एक मुलगी यायची. गळा गोड, ऐकलेलं चटकन उचलायची. पण वहीत स्वरलिपी लिहायला बसली की घामाघूम. मात्रेच्या खुणा चुकायच्या, ओळी गळायच्या. मी म्हणजे नियमाची पक्की! आधी लिही, मग गा, असा माझा हेका. चार दिवस रडवेली होऊन बसली आणि पाचव्या दिवसापासून यायचीच बंद झाली. मला वाटलं, मुलगी आळशी आहे. मग एकदा सहज पलुस्करांचं चरित्र हातात घेतलं आणि वाचता वाचता मीच खजील झाले.

पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. लहानपणी तोंडाजवळ फटाका फुटला आणि पोराची नजर अधू झाली. पुस्तक वाचणं अवघड, मग शाळा कसली? आजही अशा मुलाकडे बघून लोक चुकचुकतात, तेव्हा तर विचारायलाच नको. पण घरच्यांनी त्याच्या डोळ्यांना धरून न बसता गळ्याकडे आणि कानाकडे पाहिलं. त्याला मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पाठवलं. तिथे गुरूच्या तोंडून ऐकायचं आणि तसंच गळ्यातून काढायचं, पुन्हा पुन्हा काढायचं. वहीचा संबंधच नाही. ज्याला अक्षरं नीट दिसत नव्हती, त्याच्यासाठी ही वाट अगदी योग्य ठरली.

पुढे हाच माणूस स्वरलिपीचा पुरस्कर्ता झाला, ही मोठी गंमत! त्यामागे कारणही तसंच होतं. त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहायचं, पडेल ते काम करायचं. ते किती जणांना जमणार? घरंदाज बाईला तर नाहीच नाही. शिवाय गवयाला समाजात मान नव्हता, हे त्यांच्या मनाला फार लागायचं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, गावोगावी गात हिंडले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुणा राजाच्या आश्रयावर नाही, लोकांच्या पाठबळावर. फळा, वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, सगळं शाळेसारखं. लहान मुलांसाठी 'संगीत बालप्रकाश', पुढच्यांसाठी 'रागप्रवेश' अशी पायरीपायरीची पुस्तकं काढली. चिजांमधले शृंगारिक शब्द बदलून भक्तीचे घातले. घरातल्या मोठ्यांना मुलींच्या गाण्यात वावगं वाटू नये, हा हेतू. बायकांनाही शिकवायची सोय केली. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली.

आता कुणी म्हणेल, एका फळ्यावर पंचवीस जणांना शिकवून गवई होतात का? अशी टीका त्यांच्यावर झालीच, आणि ती अगदीच खोटी नव्हती. स्वरलिपीत गाण्याचा सांगाडा उतरतो, त्यातला जीव नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दोन चुली मांडल्या. हौसेनं येणाऱ्यांसाठी तासाचे वर्ग. त्यातून निदान गाणं समजून ऐकणारा माणूस तयार व्हावा, एवढीच अपेक्षा. आणि ज्यांना गाण्यातच आयुष्य काढायचं, त्यांच्यासाठी उपदेशक वर्ग. ही मुलं त्यांच्याजवळच राहायची, जेवायची. गुरूच्या समोर बसून मेहनत करायची आणि स्वतः शिकवायलाही शिकायची.

मैत्रिणींनो, त्यांचे शिष्य बघा म्हणजे कळेल. ओंकारनाथ ठाकूर भावनेनं ओथंबलेलं गायचे. विनायकराव पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीत गाजले, तराण्यासाठी नावाजले आणि १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढून बसले. नारायणराव व्यास ग्रामोफोनमुळे घराघरांत पोचले. बी. आर. देवधरांनी आवाज कसा तयार होतो, याचाच अभ्यास केला. पुढे कुमार गंधर्व त्यांच्याकडेच शिकले. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले, प्रार्थना नि भजनं त्यांनीच बसवली. हात एकाच गुरूचा, पण कुणी कुणासारखं नाही. प्रत्येकाला आपापली वाट सापडली.

पलुस्करांचा शेवट मात्र सुखाचा नव्हता. मुंबईच्या इमारतीचं कर्ज फिटलं नाही, तिचा लिलाव झाला. घरात तर त्याहून मोठी दुःखं. मुलं एकामागून एक गेली. पत्नी रमाबाईंनी ते कसं सोसलं असेल, त्या आईलाच ठाऊक. मन रामनामात रमवत पलुस्कर नाशिकला राहिले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला गेले. तेव्हा मुलगा दत्तात्रय जेमतेम दहा वर्षांचा. त्याला वडिलांच्या शिष्यांनी शिकवलं आणि तो डी. व्ही. पलुस्कर म्हणून देशभर गाजला. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपल्या मुली ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या.

पुस्तक मिटलं आणि मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईला म्हटलं, चूक माझी होती, पोरीला पाठवा. शाळेतही तिला वाचन-लेखन जड जातं, हे मला तेव्हा कळलं. हा आळस नव्हता, तिचं शिकणंच वेगळं होतं. आता तिला मी आधी ऐकवते, हातावर ताल धरायला लावते. चीज गळ्यात बसली, की मगच रंगीत खडूनं थोडं लिहून घेते, तेही एका वेळी एकच ओळ. उलट दुसरी एक मुलगी आहे, तिला लिहिलेलं समोर असल्याशिवाय धीरच येत नाही. तिला वही आधी. तिसरी सगळ्यांत मिसळून गायली तरच उघडते. वेळ जास्त जातो, नाही कशाला म्हणू? पण परवा ती पहिली मुलगी यमनची बंदिश न अडखळता गायली आणि दारात उभी तिची आई पदरानं डोळे पुसत होती.

तुमच्या घरी एखादं लेकरू पुस्तकापुढे बसून रडत असेल, तर रागावण्याआधी जरा बघा, ते कानानं शिकतंय का, हातानं शिकतंय का. कुरुंदवाडच्या त्या अधू नजरेच्या मुलाकडे कुणीतरी असंच पाहिलं होतं.