आवाजाला जागा देणारा अभियंता

जुन्या तबकड्यांचा शौक अलीकडे पुन्हा मूळ धरू लागला आहे. मात्र टर्नटेबल घरी आणणारा नवा शौकीन पहिल्याच दिवशी एका प्रश्नापाशी अडखळतो. सुई धरणारे कार्ट्रिज आणि अ‍ॅम्प्लिफायरचा फोनो इनपुट यांचे एकमेकांशी जमेल का? फिरत्या चुंबकाचे कार्ट्रिज काही मिलिव्होल्टचा संकेत देते व त्यासाठी ४७ हजार ओहमचा इनपुट प्रमाण मानला जातो. फिरत्या कॉइलचे कार्ट्रिज बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी देते; त्याला आधी ट्रान्सफॉर्मर किंवा प्रवर्धनाचा आणखी एक टप्पा लागतो. जुळणी चुकली की गाणे क्षीण होते आणि खरखर वर येते. कार्ट्रिजमध्ये डाव्या व उजव्या आवाजासाठी दोन वेगळ्या कॉइल असतात. ती कल्पना जिच्यातून आली, तिचे जनकत्व अ‍ॅलन डाऊर ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याकडे जाते.

ब्लमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. वडील मूळचे जर्मन, तर आई दक्षिण आफ्रिकेतील एका स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. अ‍ॅलन सात वर्षांचे असताना त्यांनी घराची बिघडलेली घंटा दुरुस्त केली आणि स्वतःला विद्युत अभियंता म्हणवून घेत वडिलांना रीतसर बिल दिले, असे सांगतात. हाच मुलगा बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत धड वाचूही शकत नव्हता, असेही म्हटले जाते. पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून त्यांनी प्रथम वर्गात पदवी मिळवली आणि टेलिफोन क्षेत्रात नोकरी धरली. लांब पल्ल्याच्या तारांमधून एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तारेत शिरू नये, यासाठी त्यांनी केलेले काम तेव्हाच नावाजले गेले.

१९२९ साली ते आयझॅक शोएनबर्ग यांच्या हाताखाली कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत तेव्हा अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या एकस्वांखाली होती आणि कोलंबियाला त्यापोटी स्वामित्वधन भरावे लागे. ते टाळणारी स्वतंत्र यंत्रणा उभारणे, हे ब्लमलाइन यांच्यापुढील काम होते. त्यांनी फिरत्या कॉइलवर चालणारे तबकडी कोरण्याचे यंत्र बनवले आणि त्यातील सुईचे अनावश्यक कंपन विजेच्याच साहाय्याने दाबले. एच. ई. होल्मन यांच्यासह त्यांनी नवा मायक्रोफोनही तयार केला. केवळ एक भाग सुधारून त्यांचे समाधान होत नसे. मायक्रोफोनपासून कर्ण्यापर्यंतची संपूर्ण साखळी एकमेकींशी जुळलेली असावी, हा त्यांचा आग्रह असे.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांच्या विलीनीकरणातून ईएमआय ही संस्था जन्मली. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या चित्रामुळे मराठी घरांनाही परिचित झालेली एचएमव्ही ही मुद्रा याच परिवारातली. त्याच सुमारास ब्लमलाइन आपल्या भावी पत्नी डोरिन लेन यांच्यासह चित्रपट पाहायला गेले होते, अशी आख्यायिका आहे. पडद्यावरचे पात्र एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाई. त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येई. हे त्यांना खटकले.

त्या अस्वस्थतेचे फळ म्हणजे १४ डिसेंबर १९३१ रोजी दाखल केलेले एकस्व. त्यात ७० दावे होते. दोन मायक्रोफोनची मांडणी, दोन कर्ण्यांमधून आवाजाची दिशा भासवण्याची रीत आणि एकाच खाचेत दोन आवाज कोरण्याची युक्ती असे सारे त्यात होते. खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत तिरप्या ठेवून एकीवर डावा व दुसरीवर उजवा आवाज कोरायचा, ही त्यातली एक रीत. दोन्हींकडचा सारखा आवाज सुईला आडवा हलवतो, तर त्यांतील फरक तिला वर-खाली नाचवतो. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे या पद्धतीने प्रायोगिक मुद्रण झाले.

पण बाजार तयार नव्हता. लाखेच्या तबकड्यांची खरखर मोठी होती. ब्लमलाइन यांना दूरचित्रवाणीच्या कामाकडे वळवण्यात आले आणि नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने सुरू केलेल्या सेवेतील ४०५ रेषांच्या प्रणालीत त्यांचा मोठा वाटा राहिला. याच काळात त्यांनी दोन व्हॉल्व्हची एक जोडरचना सिद्ध केली. दोन संकेतांमधील फरक तेवढा वाढवणारी ही रचना आजही असंख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी, इनपुटच्या टप्प्यात, आढळते. त्यांच्या नावावर एकूण १२८ एकस्वे जमा झाली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांची बुद्धी रडारकडे वळली. अंधारात व ढगांतून खालची भूमी दाखवणाऱ्या एच-टू-एस या रडारची चाचणी घेण्यासाठी ७ जून १९४२ रोजी ते हॅलिफॅक्स विमानातून निघाले. उजव्या बाजूच्या इंजिनातील एक लहानसे नट नीट आवळले गेले नव्हते. इंजिनाने पेट घेतला आणि हेरफर्डशायरमधील वेल्श बिकनर गावाजवळ विमान कोसळले. विमानातील अकराही जण मृत्युमुखी पडले. ब्लमलाइन यांचे वय अवघे ३८ होते. मागे पत्नी आणि दोन लहान मुले राहिली. आयुष्यभर ज्यांनी यंत्राच्या प्रत्येक जोडणीचा हिशेब केला, त्यांचा बळी एका ढिल्या जोडणीने घ्यावा, हा दैवदुर्विलासच.

युद्धाच्या गुप्ततेमुळे त्यांच्या मृत्यूची जाहीर वाच्यताही तेव्हा झाली नाही. ते ज्यावर काम करीत होते ते रडार १९४३ च्या आरंभी प्रत्यक्ष वापरात आले. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास, त्याच ४५ अंशांच्या भिंती घेऊन. तोवर एकस्वाची मुदत संपली होती आणि कल्पनेचा धनी विस्मरणात गेला होता. लंडनमधील ईलिंग येथील त्यांच्या घरावर १९७७ मध्ये नीलफलक लागला. २०१५ मध्ये अ‍ॅबी रोडवर त्यांच्या कार्याची नोंद कोरली गेली आणि २०१७ मध्ये तांत्रिक कार्याचा ग्रॅमी सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला.

सन्मान उशिराने आले, काम मात्र कधीच थांबले नाही. आजही सुई खाचेत उतरते आणि तबला एका बाजूला व गायक मध्यभागी बसल्याचा भास होतो, तेव्हा त्या दोन तिरप्या भिंतींमधून ब्लमलाइन यांचीच बुद्धी बोलत असते.