तांदूळ धुणारे हात आणि आसन



सकाळी डोळे मिटून बसावं तर कुकरची शिट्टी होते, नाहीतर दूधवाला बेल वाजवतो. मग रोजची साधना व्हायची कशी? हा प्रश्न आपल्या घराघरांत आहे. म्हणून आज जपानचे झेन आचार्य दोगेन यांच्याविषयी सांगतो.

दोगेन यांचा जन्म १२०० साली क्योतोच्या एका सरदार घराण्यात झाला. आई लहानपणीच गेली. तिच्या अंत्यविधीत धुपाचा धूर विरताना पाहिला आणि सगळं नश्वर आहे हे मनात ठसलं, असं सांगतात. कोवळ्या वयातच ते हिएइ पर्वतावर भिक्षू झाले. तिथे एका शंकेने त्यांना घेरलं. बुद्धत्व जर प्रत्येकात मुळातच आहे, तर साधनेचे एवढे कष्ट कशाला? उत्तर मिळेना, म्हणून १२२३ मध्ये ते समुद्रमार्गे चीनला गेले.

जहाज बंदरात असतानाच एका मठाचे म्हातारे आचारी अळंबी विकत घ्यायला आले. दोगेननी त्यांना रात्री राहायचा आग्रह केला. पण उद्याचा स्वयंपाक माझ्याकडे आहे, म्हणून ते थांबेनात. या वयात ध्यान-अध्ययन सोडून चुलीपाशी कशाला राबता, असं दोगेननी विचारलं. म्हातारबाबा हसले. या परदेशी मुलाला साधना म्हणजे काय तेच अजून उमगलेलं नाही, असं म्हणून चालू लागले.

ते हसू दोगेन जन्मभर विसरले नाहीत. चीनमध्ये गुरू रुजिंग यांच्याजवळ त्यांनी कठोर ध्यान केलं आणि १२२७ मध्ये ते मायदेशी परतले. १२३७ मध्ये त्यांनी मठातल्या आचाऱ्यासाठी एक ग्रंथच लिहिला. तांदूळ निवडताना-धुताना लक्ष ढळू देऊ नये, एक दाणाही वाया घालवू नये, भांडीकुंडी डोळ्यांसारखी जपावीत, असं त्यात आहे. १२४४ मध्ये त्यांनी स्थापन केलेला मठ आज एइहेइजी म्हणून ओळखला जातो. १२५३ मध्ये त्यांनी देह ठेवला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. स्वयंपाक हीच आमची साधना, असं म्हणून आपण आसन सोडून देतो. दोगेननी आसन कधीच सोडलं नाही. रोजचं बसणं त्यांच्या शिकवणीचा कणाच होतं. साधना करून पुढे कधीतरी काही मिळवायचं नसतं, मन लावून बसणं हेच बुद्धत्वाचं प्रकट होणं, हे त्यांच्या शंकेचं उत्तर होतं. आसनावरचं तेच मन उठल्यावर तांदळाच्या पातेल्यात न्यायचं.

तेव्हा उद्या पंधरा मिनिटं का होईना, ठरल्या वेळी बसू या. शिट्टी झाली तर गॅस बंद करून परत आसनावर येऊ या.