पहिल्या परवान्याचा वैमानिक

झरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचे माझे गाव. कापसाच्या शेतात उभे राहून उंचावरून जाणारे विमान पाहणे, एवढाच माझा विमानाशी संबंध. तरीही चार माणसांना बरोबर घेऊन काम कसे करावे, याचा धडा मला जे. आर. डी. टाटा यांच्या छोट्या विमानात सापडला.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना.

१९३० साली हिंदुस्थान ते इंग्लंड हे अंतर एकट्याने विमानातून पार करणाऱ्या हिंदी वैमानिकासाठी आगाखानांचे बक्षीस होते. जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर तरुण अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगअभावी अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. अस्पी अवघ्या काही तासांनी स्पर्धा जिंकले आणि पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. बक्षीस हुकले, पण माणूस कळला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ घेऊन टपालासह कराचीहून मुंबईकडे निघाले. विमानात रेडिओ नव्हता. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले! हे वाचून आम्हा खेड्यातल्या मुलांना ते विमान एकदम जवळचे वाटते. जुहूहून तेच टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासकडे नेले. मूळ योजनाही व्हिन्सेंट यांचीच होती.

मला येथे नेतृत्वाचे सारे मर्म दिसते. छोट्या विमानात इंधन, इंजिन, हवामान स्वतः तपासूनच उडावे लागते; वर गेल्यावर दोष कोणाला देणार? मात्र आपला टप्पा संपला की थैली विश्वासाने दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे विमान मुंबईहून लंडनला झेपावले. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणाला त्यांचा विरोध होता. तरी स्वतः उभारलेली संस्था त्यांनी वाऱ्यावर सोडली नाही. १९७८ साली सरकारने त्यांना दूर करीपर्यंत ते अध्यक्षपदी राहिले. विमानाच्या स्वच्छतेपासून चहापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांची नजर असे.

१९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केले. १९९२ मध्ये ‘भारतरत्न’ने त्यांचा गौरव झाला आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आपल्या श्रमदान शिबिरात गटप्रमुख व्हायला सारेच उत्सुक असतात. पण कुदळी-घमेली आदल्या रात्री मोजून ठेवणारे किती? आणि आपल्याजवळचे जादा घमेले शेजारच्या गटाला देणारे किती? नेतृत्वाची परीक्षा तेथेच होते.