सोइचिरो होंडा : वेगाआधी धातूची साधना

पनवेलजवळ कळंबोलीहून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर धावणाऱ्या अनेक मोटारींच्या टॅकोमीटरवर एक लाल पट्टा असतो. इंजिनाने मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे घ्यावेत, हे तो सांगतो. फेरफार केलेल्या इंजिनात ही मर्यादा ओलांडण्याचा मोह जुनाच आहे. सोइचिरो होंडा यांना तो तरुणपणीच जडला; मात्र त्याची योग्य वाट त्यांना अपयशातून सापडली.

जपानच्या शिझुओका प्रांतातील एका लोहाराच्या घरी १७ नोव्हेंबर १९०६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९२२ मध्ये ते टोकियोच्या आर्ट शोकाई या गॅरेजात उमेदवारीला लागले. विमानाचे इंजिन बसवलेल्या तेथील मोटारीने १९२४ साली शर्यत जिंकली, तेव्हा चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून तेच बसले होते. १९३६ मध्ये फोर्डच्या इंजिनात फेरफार करून ते स्वतः तामागावाच्या शर्यतीत उतरले. भरवेगात दुसऱ्या गाडीशी टक्कर होऊन ते जखमी झाले. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या मणक्याला इजा झाली.

पुढे ते पिस्टन रिंगा बनवू लागले. टोयोटाकडे तपासणीसाठी दिलेल्या ५० रिंगांपैकी अवघ्या ३ उतरल्या. ओतकामाचे शास्त्र आपल्याला अवगत नाही, हे ओळखून कारखाना सांभाळत त्यांनी हमामात्सूच्या तंत्रशाळेत धातुशास्त्राचे धडे घेतले. परीक्षा न दिल्याने शाळेने नाव काढले, पण रिंगा साधल्या.

हे ज्ञान पुढे कामी आले. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरील जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० चे ७,००० फेरे केले, तर तो सुमारे ३६ टक्क्यांनी चढतो. झडपांच्या स्प्रिंगा अपुऱ्या पडल्या, तर झडप वेळेत मिटत नाही आणि पिस्टनवर आदळू शकते. म्हणूनच १९४८ साली स्थापन झालेल्या होंडा कंपनीने शर्यतीच्या इंजिनांत सिलिंडर वाढवून प्रत्येक पिस्टन लहान व हलका केला, त्याचा पल्ला आखूड ठेवला आणि एका मोठ्या झडपेचे काम दोन छोट्या झडपांवर सोपवले.

१९५९ मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत प्रथम उतरलेल्या होंडाने १९६१ मध्ये तेथे १२५ व २५० सीसी, दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक पटकावले. १९६६ चे सहा सिलिंडरांचे २५० सीसी इंजिन तर १८,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचले. १९६५ मध्ये मेक्सिकोत फॉर्म्युला वनचा पहिला विजयही कंपनीला मिळाला होता.

१९७३ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. ५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आज संगणकातील आकडा बदलून फेऱ्यांची मर्यादा काही मिनिटांत वाढवता येते. मात्र स्प्रिंगा, रॉड, बोल्ट आणि तेलाचा पुरवठा त्या ताणाला पुरेसा नसेल, तर तो आकडा इंजिनाचे रक्षण करत नाही. होंडांनी आधी धातू बळकट केला, मग फेरे वाढवले. त्यांच्या यशाचे मर्म या क्रमात होते.