गाडगेबाबा : खराटा घेतलेला आरोग्यशिक्षक

वऱ्हाडात संत गाडगेबाबांचे नाव ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. अमरावतीच्या विद्यापीठाला २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. शहरातील एक मोठी वस्ती गाडगेनगर म्हणूनच ओळखली जाते आणि तिथेच त्यांची समाधी आहे. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये सुरू केलेले ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने खेडोपाडी पोहोचले. संत, समाजसुधारक, कीर्तनकार अशा अनेक नात्यांनी त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्यांच्या कार्याकडे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. गावोगावच्या आरोग्य परिचारिकेला आज जे काम शिकवले जाते, त्यातील बराचसा भाग या निरक्षरप्राय माणसाने कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय अर्धशतक केला होता.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडिलांना दारूचे व्यसन जडले होते. त्यात घर गेले आणि अखेर वडीलही गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आली. अकोला जिल्ह्यातील या गावात मामाची गुरे राखत आणि शेतीची कामे करत डेबूजी वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. नांगर धरणे, पाणी ओढणे आणि राबणे हेच त्याचे शिक्षण होते.

दापुरे आणि मूर्तिजापूरचा हा परिसर पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. या खोऱ्यातील मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमीन काळीभोर, कपाशीला उत्तम. पण अनेक गावांच्या विहिरींचे पाणी खारट. गोड्या पाण्याच्या एका घागरीसाठी बायकांची पायपीट ठरलेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडाला होरपळून काढले, आणि दुष्काळामागोमाग रोगराईही आली. त्याच सुमारास मामाची कसदार जमीन सावकाराच्या घशात गेली. व्यसन, कर्ज, अज्ञान, घाण पाणी आणि आजार यांची साखळी डेबूजीने अशी घरातच पाहिली. आरोग्याचे सामाजिक निर्धारक हा शब्दप्रयोग आज परिषदांमधून ऐकू येतो. डेबूजीला तो शब्द माहीत नव्हता, पण त्याचा अर्थ त्याच्या घरावरून गेला होता.

कुंताबाईंशी विवाह झाला, मुले झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू असायला हवी होती. डेबूजीने गोडधोडाची पंगत घातली. भाऊबंद नाराज झाले, पण तो बधला नाही. सार्वजनिक जीवनातील त्याची ही पहिली कृती व्यसनमुक्तीची होती आणि ती स्वतःच्या घरापासून सुरू झाली होती. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षाच्या अखेरीस, त्याने घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी आणि खापराचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे आणि उन्हात तेच डोक्यावर घालायचे. त्या गाडग्यावरून लोकांनी नाव दिले, गाडगेबाबा.

आधी झाडणे, मग बोलणे

बाबांच्या कामाची एक ठरलेली रीत होती. सकाळी गावात शिरायचे आणि कोणाशी फारसे न बोलता रस्ता झाडायला लागायचे. तुंबलेली गटारे मोकळी करायची, पाणवठ्याभोवतीचा चिखल काढायचा, उकिरडे हलवायचे. सुरुवातीला लोक वेडा समजून हसत. दुपारपर्यंत चार पोरे हाताशी येत आणि संध्याकाळपर्यंत निम्मे गाव खराटे घेऊन बाहेर पडे. दिवसभर राबल्यावरच बाबा भाकरी मागत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई.

हे कीर्तनही नेहमीचे नव्हते. बाबा अस्सल वऱ्हाडीत श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. दारू पिऊन कोणाचे भले झाले, कर्ज काढून सण का करायचा, नवसाला बकरे कापून आजार कसा बरा होतो, माणसाने माणसाला अस्पृश्य का मानायचे, अशा प्रश्नांपुढे मोठमोठे गावकारभारी निरुत्तर होत. जेवायला ताट नसले तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे घरोघरी पोहोचले होते.

या क्रमाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. आरोग्यशिक्षणाची अनेक व्याख्याने वाया जातात, कारण सांगणारा वरून बोलतो आणि ऐकणारा खाली बसतो. बाबा आधी गावाची घाण स्वतःच्या हाताने काढत आणि मगच बोलत. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन येई. दुसरे असे की, झाडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्या माथी मारले गेले होते. पाटलाच्या आणि ब्राह्मणाच्या हातीही खराटा देऊन बाबांनी स्वच्छतेबरोबर त्या कामाला चिकटलेला कलंकही झाडायला घेतला.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही याच सुमारास हाच विचार आकार घेत होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये परिचर्येवरील आपल्या पुस्तकात घराच्या आरोग्यासाठी पाच गोष्टी आवश्यक मानल्या होत्या : शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि प्रकाश. रुग्णाभोवतीचे वातावरण सुधारणे हेच परिचारिकेचे पहिले काम, हा त्यांच्या विचाराचा पाया आजही परिचर्या महाविद्यालयांत शिकवला जातो. १८९३ मध्ये लिलियन वाल्ड या तरुण परिचारिकेने न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत राहून घरोघरी सेवा सुरू केली आणि त्यातून सार्वजनिक आरोग्य परिचर्या हे क्षेत्र उभे राहिले. तेव्हा डेबूजी दापुऱ्यात सतरा वर्षांचा होता. या कोणाशीही त्याची ओळख होण्याचे कारण नव्हते. तरीही ऋणमोचनच्या घाटावर त्याने जे केले ते याच जातीचे काम होते.

ऋणमोचन हे पूर्णाकाठचे तीर्थक्षेत्र. पौष महिन्यातील रविवारी तिथे मोठी यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलात यात्रेकरू घसरत, पाणी गढूळ होई. बाबांनी तिथे स्वतः माती वाहिली, दगड वाहिले आणि लोकवर्गणीतून घाट उभा केला. यात्रा आणि पटकी यांचे नाते त्या काळी सर्वांना ठाऊक होते. एकाच पाणवठ्यावर हजारो माणसे आंघोळ करत, धूत आणि तेच पाणी पीत. अशा ठिकाणी बांधलेली पायरी आणि झाडलेला काठ हे धार्मिक पुण्यकर्म तर होतेच, पण रोगप्रतिबंधाचे कामही होते.

तीन पातळ्यांवरचे काम

सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या शिक्षणात आज एक आराखडा बराच वापरला जातो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तो १९९० च्या दशकात तयार झाला. त्यात परिचारिकेची सतरा कामे सांगितली आहेत आणि ती तीन पातळ्यांवर मांडली आहेत : व्यक्ती आणि कुटुंब, समाज, आणि व्यवस्था. रुग्ण शोधणे, आरोग्यशिक्षण, समाज संघटित करणे, दुर्बलांची बाजू मांडणे, धोरण घडवणे अशी ती कामे. एका पातळीवर थांबणारी सेवा अपुरी पडते, हा या आराखड्याचा मुख्य सांगावा आहे.

बाबांचे आयुष्य या तीन पातळ्यांवर ठेवून पाहिले तर आश्चर्य वाटते. व्यक्तीच्या पातळीवर त्यांनी कुष्ठरोग्यांना आपल्या हाताने आंघोळ घातली, जेवू घातले. त्या वेळी या आजाराची भीती इतकी होती की सख्खी माणसेही रुग्णाला गावाबाहेर टाकत. अमरावतीतच डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले. समाजात त्या सेवेला जागा मिळावी यासाठी लोकांच्या मनातील भीती आधी कमी व्हावी लागते, आणि ती बाबांसारख्यांच्या उघड्यावरच्या स्पर्शाने कमी होते. समाजाच्या पातळीवर गावसफाई आणि कीर्तन होतेच.

व्यवस्थेच्या पातळीवरचे त्यांचे काम मात्र कमी बोलले जाते. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण संस्था काढली, अंध-अपंगांसाठी सदावर्ते चालवली, शाळा आणि वसतिगृहांना हात दिला. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना निवारा नव्हता, म्हणून चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली, ही गोष्ट तर कोणत्याही आरोग्य प्रशासकाने अभ्यासावी अशी. खेड्यातून मुंबईला आलेला रुग्ण खाटेवर जातो, पण त्याच्याबरोबरची म्हातारी आई किंवा बायको फुटपाथवर राहते. तिच्या राहण्या-जेवणाची सोय नसेल तर रुग्ण अर्ध्या उपचारावर गावी परततो. औषधाइतकाच निवाराही उपचाराचा भाग आहे, हे बाबांनी ओळखले होते. त्यांच्या पश्चात दादर येथे उभ्या राहिलेल्या धर्मशाळेने हाच धागा पुढे नेला आणि कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना आधार दिला.

बाबांचा दहा कलमी संदेश अनेक शाळांच्या आणि कार्यालयांच्या भिंतींवर लिहिलेला दिसतो. भूक, तहान, वस्त्र, शिक्षण, निवारा, रोग्यांना औषध, बेकारांना काम, मुक्या जनावरांना अभय, गरिबांच्या मुलामुलींची लग्ने आणि खचलेल्यांना धीर, असा त्याचा आशय. या दहांत औषधोपचार हे एकच कलम आहे. उरलेल्यांपैकी बहुतेक कलमे माणूस आजारी पडू नये, पडलाच तर तगून राहावा, यासाठी आहेत. यापेक्षा नेमका आराखडा सांगणे अवघड आहे.

किंमत

या कामाची किंमत घरच्यांनी मोजली. कुंताबाईंच्या वाट्याला झोपडीतले जिणे आले. बाबांच्या नावावर लाखोंच्या इमारती उभ्या राहत होत्या, पण त्यात घरच्यांना कसलाही हक्क नव्हता. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन सुरू असताना एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. चरित्रकार या प्रसंगाकडे वैराग्याचा कळस म्हणून पाहतात. तो तसा आहेच. पण घरात त्या दिवशी रडणारी आई एकटी होती, हेही विसरता येत नाही. सार्वजनिक सेवेत घर मागे पडते, हे सत्य गावोगाव फिरणारी प्रत्येक परिचारिका आजही जाणते.

बाबांनी कोणाला शिष्य केले नाही, कोणाला पाया पडू दिले नाही. संस्था मात्र विश्वस्तांच्या हाती सोपवून दिल्या. १९५२ मध्ये त्यांच्या कार्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांची प्राणज्योत मालवली. घर सोडलेल्या माणसाला मरण रस्त्यावरच आले, पण ते आपल्या वऱ्हाडातल्या रस्त्यावर.

स्वच्छता अभियानांत खराटा हाती घेतलेल्या मान्यवरांची छायाचित्रे आजही वृत्तपत्रांत छापून येतात. बाबांचा खराटा छायाचित्रासाठी नव्हता. तो खाली ठेवल्यावर खरे काम सुरू होई. गाव झाडून झाले की लोकांशी बोलणे, वर्गणी जमवणे, धर्मशाळा बांधणे आणि ती दुसऱ्याच्या हाती देऊन पुढच्या गावाला निघणे, हा सगळा क्रम मिळून त्यांचे काम होते. अमरावती-अकोल्याच्या परिचर्या महाविद्यालयांतून दरवर्षी नव्या मुली बाहेर पडतात आणि खारपाणपट्ट्यातील एखाद्या उपकेंद्रावर रुजू होतात. त्यांच्या हाती लसीची पेटी असते, नोंदवह्या असतात. त्यांच्या अभ्यासक्रमात परदेशी विदुषींच्या सिद्धांतांशेजारी शेंडगावच्या या डेबूजीचेही एक पान असायला हवे. ज्या गावांत त्यांना काम करायचे आहे, त्याच गावांत तो त्यांच्या आधी येऊन गेला आहे.